लेबलच्या कागदावर अडलेलं बिल

"आमच्याकडे चालतंय की!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. चालणारच! तुमच्या मशीनवर समोरचा प्रोग्रॅम कधी अडकलेलाच नसतो.

विंडोजवर एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या खिडकीला निरोप द्यायच्या दोन सरळ वाटा आहेत. पोस्टमेसेज म्हणजे पेटीत पत्र टाकून आपल्या कामाला लागणं. सेंडमेसेज म्हणजे आतला माणूस उत्तर देईपर्यंत त्याच्या दारात ताटकळणं. एकाच थ्रेडमधल्या खिडक्यांना सेंडमेसेज करायला माझी काही हरकत नाही, तिथे तो साधा फंक्शन कॉलच असतो. पण दुसऱ्या प्रोसेसला? तो तुमचा नोकर आहे का?

एका औषधाच्या दुकानाची गोष्ट. बिलाचा प्रोग्रॅम वेगळा, लेबलं छापणारा वेगळा. ऐन संध्याकाळी लेबलचा कागद संपला. छापणारा आपल्या मुख्य थ्रेडवरच पोर्टची वाट बघत बसला आणि बिलवाला त्याची. पडद्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग', काउंटरवर रांग. दुकानदाराने फोन करून विचारलं, "साहेब, बिल करायला लेबलचा कागद कशाला लागतो?"

काय सांगणार! तो सेंडमेसेज मीच लिहिला होता.

यावर हमखास येणारा युक्तिवाद : "डेटा पाठवायचा तर डब्ल्यूएम कॉपीडेटा लागतो, आणि तो पोस्ट करता येत नाही." अगदी खरं. घेणारा वाचेपर्यंत पाठवणाऱ्याची मेमरी जागेवर राहायला हवी ना. पण म्हणून जन्मभर थांबायचं? सेंडमेसेजटाइमआउट कशासाठी दिलाय? किती थांबायचं ते मिलिसेकंदांत सांगा. अबॉर्टइफहंग हा फ्लॅग दिलात, तर समोरचा अडकलाय असं विंडोजला दिसताच तुमची तिथूनच सुटका होते.

घेणाऱ्यानेही थोडी लाज बाळगावी. डेटा उतरवून घ्यावा, लगेच परत फिरावं, आणि छपाईसाठी स्वतःलाच एक पोस्टमेसेज करावा. छपाई वेगळ्या थ्रेडवर असेल तर उत्तमच.

सगळ्यात राग येतो तो इन्स्टॉलरवाल्यांचा. पाथ बदलला म्हणून सेटिंगचेंजची दवंडी सगळ्या खिडक्यांना, तीही साध्या सेंडमेसेजने! कुठली तरी एक खिडकी मेलेली असते, आणि इन्स्टॉलर शेवटच्या टप्प्यावर लटकतो. लोक शिव्या घालतात विंडोजला.

आणि टाइमआउट लावला म्हणजे सुटलात असंही नाही, बरं का. वेळ संपली याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. समोरच्याने ते अर्धं केलेलं असू शकतं, नंतर पूर्णही होऊ शकतं. तोच निरोप डोळे मिटून पुन्हा पाठवलात तर लेबलं दोनदा छापली जातील. मी आता प्रत्येक निरोपाला क्रमांक देतो, आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा दिसला की छापणारा गप्प बसतो.

दुकानात आता दोन सेकंद वाट बघून 'लेबलाची खात्री नाही' अशी ओळ येते. बिल मात्र निघतं.