हिमालयच कशाला?



घटस्फोटानंतर मन सावरायला हिमालयात जावे, हा मागच्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला वाचला. मी इंदूरची, घटस्फोटित. इतकी रजा नि एवढा पैसा कितीजणींकडे असतो? इथे सिरपूर तलाव आहे, २०२२पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतला. हिवाळ्यात स्थलांतरित बदके येतात, आणि ती न्याहाळत बसलेल्या बाईला ‘मिस्टर नाही आले?’ असे कुणी विचारत नाही. (नात्यातल्या लग्नात हटकून विचारतात!) मन हलके होते, मान्य. पण पोटगीची तारीख त्याने टळत नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. त्या पत्रलेखकाने देवदारांच्या वर्णनातून दोन ओळी या माहितीला द्यायला हव्या होत्या.

– एक वाचक, इंदूर