ॲक्शनपटाला मराठी बोलू द्या: वसई-विरारच्या प्रेक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
वसई-विरार परिसरातील चित्रपटगृहांचे मालक व व्यवस्थापक, चित्रपट वितरक, मराठी निर्माते आणि सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन यांस

विषय: ॲक्शन व सुपरहिरो चित्रपट मराठीत, सोयीच्या वेळी आणि नीट दर्जाने दाखवण्याबाबत.



आम्ही नायगावपासून विरारपर्यंत राहणारे प्रेक्षक. आमच्यात पश्चिमेच्या वाड्यांमधून केळी-फुले पिकवणारे आहेत, नालासोपाऱ्याहून रोज चर्चगेट गाठणारे आहेत, शाळेत शिकवणारे आणि शाळेत शिकणारेही आहेत. सगळ्यांना मारधाडीचा, उडत्या माणसांचा, गाड्या उलटवणारा सिनेमा मनापासून आवडतो. हा सिनेमा पोरकट असतो, तो डोके बाजूला ठेवून पाहायचा असतो, असे शहाणीसुरती माणसेही सहज बोलून जातात. आम्हाला ते मान्य नाही. चांगली हाणामारी रचायला चांगला संवाद लिहिण्याइतकीच अक्कल लागते. कोण कुठे उभा आहे, दार कोणत्या बाजूला आहे, मार कुणाला बसला आणि तो बसल्यावर त्याच्या मनात काय मोडले, हे सगळे प्रेक्षकाला एका दमात कळावे लागते. आणि हातात ताकद आली तर ती कुणासाठी वापरायची, हा प्रश्न आज दहा वर्षांच्या मुलाला सर्वांत आधी कोण विचारत असेल तर तो सुपरहिरोच.

मराठी माणसाने तर या सिनेमाकडे पाहून नाक मुरडूच नये. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये मारुती आणला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपली मुलगी मंदाकिनी हिला बाळकृष्ण करून तिला कालियाशी झुंजवले. मूकपटांच्या काळात तलवार आणि घोडा ही ज्याची ओळख होती तो मास्टर विठ्ठल, १९३१ च्या ‘आलम आरा’चाही नायक तोच. महेश कोठारे यांच्या १९८७ च्या ‘दे दणादण’मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हवालदाराला मारुतीच्या कृपेने अचाट बळ मिळते, आणि लाल रंग दिसला की ते बळ जाते. त्याच वर्षी हिंदीत ‘मिस्टर इंडिया’ आला. त्या अदृश्य माणसालाही लाल उजेडच उघडा पाडतो. सुपरहिरोला बळ द्यायचे तर त्याला एक उणीवही द्यावी लागते, हे आपल्या लोकांना तेव्हाच पक्के ठाऊक होते.

आता मागण्यांकडे येतो.

पहिली आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी मागणी भाषेची आहे. २०१९ साली ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत लागला. मराठी त्यात नव्हती. चार वर्षांनी, जून २०२३ मध्ये, ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ दहा भाषांत आला आणि त्यांत मराठी होती. म्हणजे जे आजवर जमत नाही असे सांगितले जात होते ते जमते. त्या चित्रपटात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आहे आणि त्याचे शहर मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिलाफातून रचलेले आहे. मुंबईवरून बेतलेल्या शहरात जाळी फेकणारा पोरगा मराठी बोलतो, हे आमच्या मुलांना थिएटरात ऐकायचे होते. आम्ही मराठी खेळ शोधले, पण आमच्या मुलांच्या वेळेत आमच्या जवळपास ते सापडले नाहीत. चित्रपट मराठीत तयार होऊनही तो मराठी मुलापर्यंत पोहोचला नाही, तर पुढच्या वेळी वितरक म्हणणार की मराठीला मागणीच नाही. हे चक्र कुणीतरी तोडले पाहिजे.

हिंदीशी आमचे भांडण नाही. नालासोपाऱ्यात हिंदी बोलणारी, भोजपुरी बोलणारी हजारो कुटुंबे आहेत आणि तीही आमच्याच रांगेत उभी असतात. त्यांचे खेळ कमी करून आमचे वाढवा असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या सुपरहिरो चित्रपटाचे दिवसभर खेळ लागतात, त्यांतला एक मराठी असावा एवढेच म्हणणे आहे. आणि डबिंग करताना कृपा करून पाठ्यपुस्तकी मराठी वापरू नका. “मी तुझा विनाश करीन” असे आमच्याकडे कुणीच म्हणत नाही, खलनायकही नाही. ‘धडाकेबाज’मधला कवट्या महाकाळ आजही लोकांच्या तोंडी आहे, कारण त्याच्या तोंडी माणसांची भाषा होती. मराठी रंगभूमीवर आवाजाचे एकाहून एक पक्के नट आहेत. हे काम त्यांना द्या आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे ठळक दाखवा.

दुसरी मागणी वेळेची. २०१५ साली राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला संध्याकाळी ६ ते ९ ची वेळ देण्याची घोषणा केली, आणि वाद झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली. वसई-विरारच्या माणसाला यातून फारसे काही मिळाले नाही. दुपारी १२ वाजता आम्ही कामावर असतो. संध्याकाळी ६ वाजता अंधेरी किंवा दादरच्या फलाटावर विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधत असतो. घरी येऊन, मुलांना घेऊन थिएटर गाठायचे तर रात्री साडेआठच्या आधी ते होत नाही. म्हणून मराठी चित्रपटाचा आणि मराठी डब केलेल्या ॲक्शनपटाचा एक खेळ शुक्रवार ते रविवार रात्री साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान सुरू व्हावा. शनिवारी-रविवारी सकाळी एक खेळ १०० रुपयांच्या आत ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के आहे. स्वस्त तिकिटाने करही वाचतो. पाच माणसांच्या घराला हा हिशेब फार मोठा आहे.

तिसरी मागणी पडद्याची. थ्रीडीचा चष्मा घातला की पडद्यावरचा निम्म्याहून अधिक प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. साध्या खेळासाठी पडद्यावर १४ फूट-लँबर्ट इतका उजेड हवा, असे मानक आहे. दिवा जुना झालेला असेल किंवा वीज वाचवायला मंद ठेवलेला असेल, तर रात्रीची लढाई थ्रीडीत नुसता काळा चिखल होऊन जाते. कुणी कुणाला मारले ते दिसत नाही, मुले चष्मा वर करतात तर चित्र दुहेरी दिसते, आणि शेवटी शेजारच्याला विचारतात. त्यात चष्म्याच्या काचेवर आधीच्या खेळाचे बोटांचे ठसे. आवाजाचेही तसेच: तो इतका खाली असतो की स्फोट पुढच्या रस्त्यावर झाल्यासारखा वाटतो. मध्यंतर तर भररंगात आलेल्या मारामारीच्या मध्येच येते. चष्मे प्रत्येक खेळानंतर पुसावेत, दिव्याची आणि आवाजाची तपासणी ठरावीक काळाने करून तिची तारीख तिकीट खिडकीशी लावावी, मध्यंतर दृश्य संपल्यावर घ्यावे. थ्रीडीबरोबर टूडीचाही खेळ असावा, म्हणजे ज्याला चष्मा सोसत नाही त्याच्यावर तो लादला जाणार नाही.

चौथी मागणी मुलांच्या बाजूने आहे, आणि आम्हीच ॲक्शनचे चाहते असूनही ती करतो. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले. हे फार चांगले झाले. पण पोस्टरवर ते अक्षर कोपऱ्यात बारीक असते आणि पालकाला त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. हा भाग तिकीट खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावा. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला दारावर वय पाहिलेच पाहिजे. रक्ताने भरलेल्या चित्रपटात मांडीवर पोर घेऊन बसलेली माणसे आम्ही पाहतो आणि त्या पोराची आम्हाला काळजी वाटते. सुपरमॅन पाहायला आलेल्या मुलाला सुपरमॅनच दिसावा.

पाचवी मागणी निर्मात्यांकडे. २०२१ च्या ‘मिन्नल मुरली’त मल्याळी लोकांनी खेड्यातल्या एका शिंप्याला वीज पाडून सुपरहिरो केले आणि त्याच विजेने घडवलेल्या खलनायकालाही माणूस ठेवले. २०२४ च्या ‘हनु-मान’ने तेलुगूत तेच वेगळ्या रीतीने केले, २०२५ च्या ‘लोका’ने केरळच्या लोककथेतली नीली आजच्या बंगळुरूत आणली. आपल्याकडे निखिल महाजन यांनी २०१५ मध्ये श्रेयस तळपदेला घेऊन ‘बाजी’ केला. वाट अवघड होती, तरी ते चालले. पुढे ती वाट कुणी रुळवली नाही. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ मध्ये ‘झोंबिवली’त डोंबिवलीवर झोंबी सोडले आणि त्यांच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न ठेवला. तो मराठी चित्रपट होता. दोन वर्षांनी त्यांनीच कोकणातला मुंजा पडद्यावर आणला, तेव्हा भाषा हिंदी झाली. दिग्दर्शकाला दोष नाही. पैसा जिकडे मिळतो तिकडे चित्रपट जातो. पण मुंजा, वेताळ, गिऱ्हा ही आपली मंडळी, आणि ती आपल्या भाषेत भीती घालू शकत नाहीत, याचे दुःख होते. शासनाने मराठी चित्रपटांच्या अनुदानात ॲक्शन, विज्ञानकथा आणि अद्भुतकथांना वेगळा वाटा द्यावा, दृश्य परिणामांचा खर्च त्यात धरावा.

कथा तर दाराशीच आहेत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून वसईच्या किल्ल्याचा बुरूज फोडला. तो वेढा, ती दलदल, ती खाडी दाखवणारा एक भरभक्कम ॲक्शनपट आम्हाला हवा. आणि टँकरची वाट पाहत बादल्यांच्या रांगेत उभी राहणारी नालासोपाऱ्याची एखादी मुलगी सुपरहिरो का होऊ नये? ‘भावेश जोशी सुपरहिरो’ने २०१८ मध्ये मुंबईच्या पाणीचोरीवर हात घातला होता. आमच्याकडे तो विषय रोजचा आहे.

शेवटची मागणी थोडक्यात. पडद्यावर उडी नायकाची दिसते, हाडे मोडतात स्टंट कलाकाराची. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडीचा स्टंट करताना एस. एम. राजू यांचा जीव गेला. ऑस्करने २०२७ सालच्या चित्रपटांपासून स्टंट रचनेसाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला आहे. मराठी चित्रपटाच्या प्रत्येक सेटवर विमा आणि रुग्णवाहिका असल्याशिवाय स्टंट होऊ नये, आणि त्या कलाकारांची नावे वाचता येतील इतक्या सावकाश दाखवावीत. तोवर थिएटरात दिवे लावू नयेत.

या सगळ्या मागण्या एका दिवसात पुऱ्या होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून सुरुवात एकाच गोष्टीने करा. यापुढे कोणताही मोठा सुपरहिरो चित्रपट मराठीत आला की पहिल्या शनिवारी रात्री साडेआठनंतरचा एक मराठी खेळ वसई-विरारमध्ये लावा आणि त्याची तारीख आम्हाला आठवडाभर आधी कळवा. सोसायट्यांत, वाड्यांत, शाळांच्या दारांत आणि फलाटांवर ती सांगत फिरण्याचे काम आमचे.

आपले विश्वासू,
वसई-विरार परिसरातील चित्रपटप्रेमी प्रेक्षक