पहाटेची धाव कोणत्या तारखेची?

कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात. थळ घाटातील चढ 37 फुटांत 1 फूट इतका तीव्र आहे. हे जोडणे-सोडणे लेखी नियमांबरहुकूम चालते आणि त्या नियमांत मोघम शब्दाला थारा नसतो. पुढच्या आणि मागच्या इंजिनावरील चालकांनी एकाच वाक्याचे दोन अर्थ घेतले तर घाटात काय होईल, हे या लोहमार्गाकाठी राहणाऱ्यांना सांगावयास नको. लेखी शब्दाची ही शिस्त आता एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात आवश्यक झाली आहे.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. त्यासाठी कसारा-शहापूर भागातील एखादा तरुण रोज पहाटे पाचला धावतो, असे समजू. त्याच्या धावण्याची नोंद खिशातला मोबाइल ठेवतो. ‘या आठवड्यात किती धावलो? उद्या विश्रांती घ्यावी काय?’ हे प्रश्न आता तो एआय एजंटास, म्हणजे त्याच्या वतीने काम करणाऱ्या संगणकीय सहायकास, विचारू शकतो.

या एजंटास नोंदवही आपोआप दिसत नाही. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यास काही ‘टूल’ दिलेली असतात. प्रत्येक टूलास एक नाव, चार-दोन ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवावी याची यादी असते. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतानेही हीच पद्धत रूढ केली. कोणते टूल उचलावे हे एजंट मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवतो. वर्णन लिहिणारा शेजारच्या टेबलावर बसलेला नसतो, की त्याला जाऊन विचारावे.

आणि वर्णन काय असते? ‘व्यायामाची माहिती देते.’ कोणत्या व्यायामाची, कोणत्या काळातली, कोणत्या मापात, याचा पत्ताच नाही.

यातील सर्वांत फसवी गोष्ट वेळेची. पुष्कळ प्रणाली नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. सोमवारी पहाटे पाचची धाव त्या वहीत रविवारी रात्री साडेअकराची ठरते, म्हणजे सरळ मागच्या आठवड्यात जाते. साडेपाचपूर्वीची प्रत्येक धाव अशी एक दिवस मागे सरकते. भरतीची तयारी करणारी मुले नेमकी त्याच वेळी धावतात! मध्यरात्रीनंतरच्या गाडीचे आरक्षण चुकीच्या तारखेचे काढून फलाटावर खोळंबलेल्या प्रवाशाला ही फसगत चटकन कळेल. इकडे एजंट मात्र ‘सोमवारी आपण धावला नाहीत’ असे सांगून थकलेल्या मुलास पुन्हा धावावयास पाठवील.

‘वेळ’ हा शब्दही तितकाच दगाबाज. स्ट्राव्हासारख्या सेवेत एकूण लागलेला वेळ आणि प्रत्यक्ष हालचालीचा वेळ निरनिराळे नोंदलेले असतात. वाटेत दम खाण्यासाठी थांबलेली दोन मिनिटे दुसऱ्या आकड्यात धरली जात नाहीत. भरतीच्या मैदानावर घड्याळ कोणासाठी थांबत नाही. वर्णनात नुसते ‘वेळ’ लिहिले असेल, तर मुलास खोटा दिलासा मिळेल आणि तो चाचणीच्या दिवशी उघडा पडेल. मापांचेही तसेच. 1999 मध्ये ‘नासा’चे मंगळयान गमावले गेले, ते एका गटाने ब्रिटिश आणि दुसऱ्याने मेट्रिक माप गृहीत धरल्यामुळे. शिवाय मोबाइलची बॅटरी उतरली म्हणून नोंद नसणे आणि मूल न धावणे यांतला भेदही वर्णनातच सांगावयास हवा.

एवढे बुद्धिमान यंत्र हे समजून घेणार नाही काय, असा आक्षेप घेतला जातो. ते अंदाज बांधते, हीच अडचण आहे. कचेरीतला जुना कारकून मोघम टिपण साहेबांकडे परत नेतो. यंत्र पुष्कळदा आपल्याच अंदाजावर ठामपणे उत्तर देऊन मोकळे होते.

यावर पानभर वर्णन लिहिणे हाही उपाय नव्हे. एजंटापुढे पुष्कळदा सगळ्या टूलांची वर्णने एकदम येतात आणि पाल्हाळात कामाचे वाक्य हरवते. ‘दोन तारखांमधील धावण्याच्या नोंदी देते. तारखा भारतीय वेळेनुसार. अंतर मीटरमध्ये. थांबल्यासह एकूण वेळ सेकंदांत. नोंद नसल्यास रिकामी यादी. तिचा अर्थ व्यायाम झाला नाही असा घेऊ नये. चालण्याच्या नोंदी यात नाहीत.’ एवढे पुरे. अर्थात वर्णनाप्रमाणेच टूलही वागले पाहिजे. नोंदी पुसणाऱ्या टूलाबाबत तर वर्णनावर विसंबणेच चूक; तेथे मालकाच्या संमतीचे कुलूप प्रणालीतच असावे.

हे काम सहसा प्रणाली रचणाऱ्याकडे, शेवटच्या घाईत येते. त्याला सगळे ठाऊक असल्याने काय लिहावयाचे राहिले हे त्याला दिसत नाही. म्हणून ते वर्णन आधी एखाद्या शिक्षकाच्या किंवा परिपत्रके लिहून हात बसलेल्या कारकुनाच्या हाती द्यावे, आणि त्यास एकच विचारावे: सोमवारी पहाटे पाचची धाव आपण कोणत्या तारखेखाली शोधाल?