मुंबईची खोली आणि गावचा पाहुणा

सोलापूरचा मुलगा मुंबईस नोकरीला लागला, की त्याचा पत्ता आपल्या गल्लीत घरोघर पोहोचतो, आणि पुढे त्याचे बिऱ्हाड बिऱ्हाड राहत नाही, धर्मशाळा होते. तक्रार नेहमी पाहुण्याविषयी ऐकू येते. आमच्या मते निम्मा दोष यजमानाचाच आहे. वरळी, नायगाव येथे १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने ज्या चाळी बांधल्या, त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात कुटुंबे नांदली, आणि गिरणीतील गाववाले पाळीपाळीने निजले. घरी मात्र खबर गेली ती ‘येथे सर्व क्षेम आहे’ एवढीच! मग आईबापांनी शेजाऱ्यांस खुशाल शब्द का देऊ नये? मुलाने खोलीची लांबीरुंदी व नळास पाणी केव्हा येते हे घरी मोकळेपणी कळवावे. त्यात कसला कमीपणा?

राणीची बाग पाहण्यास निघालेल्याने आधी विचारावे, व दोन दिवसांत परतावे. (शेंगाचटणीची पुरचुंडी आणली म्हणजे मुक्काम वाढविण्याचा परवाना मिळतो, असे नव्हे.) परंतु परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हापासून दूरदूरच्या जिल्ह्यांतून कर्करोगाचे रोगी तेथे येत आहेत. रोग्यास खाट मिळाली, तरी सोबत आलेल्या माणसांनी रात्री पाठ कोठे टेकावी? त्यांनी निरोप न धाडताही दार ठोठवावे, आणि यजमानाने त्यांस खोलीत जागा देऊन, वेळ पडल्यास, स्वतः व्हरांड्यात अंथरूण घालावे.