सिमेंटवरचा जीएसटी घटला, मग बाथरूम-किचनचं काम स्वस्त होतं का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे बाथरूम-किचनचं काम काढणाऱ्यांना खर्च कमी होईल असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब काय सांगतो?

करापूर्वी ३५० रुपयांची गोणी धरली, तर गोणीमागे ३५ रुपये वाचतात. २० गोण्यांचे झाले ७०० रुपये. टाइल्स आणि कमोडवर मात्र आधीही १८ टक्के होते, तेच कायम आहेत. जीएसटी नोंदणी असलेल्या कंत्राटदाराच्या बिलावरही १८ टक्केच. नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी आकारता येत नाही, म्हणून बिलावरचा क्रमांक पाहावा.

मग पैसे जातात कुठे? अनेकदा तेच काम दुसऱ्यांदा करण्यात. वॉटरप्रूफिंग कच्चं राहिलं, तर खालच्या घराच्या छताला ओल येते आणि नव्याकोऱ्या टाइल्स फोडाव्या लागतात. म्हणून टाइल्स बसवण्याआधी बाथरूममध्ये किमान २४ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्यांचं छत तपासायचं.

ही चाचणी कोटेशनमध्येच लिहून घ्यावी. तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, ओटा अशा टप्प्यांनी पैसे द्यावेत आणि शेवटचा हप्ता गळती नसल्याची खात्री झाल्यावरच.

वाद झालाच, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे तोंडी शब्दापेक्षा लेखी कोटेशन आणि बिलंच कामी येतात.