सातभाईंच्या घरात वाढलेला चातक

पक्षी स्थलांतर का करतात, असे विचारले की वर्गातून हमखास उत्तर येते, “थंडीपासून बचाव करण्यासाठी.” त्यांना वाट कशी कळते, असे विचारले की दुसरे उत्तर तयार असते, “उपजत बुद्धीने.” दोन्ही उत्तरांना गुण मिळतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा दुसऱ्याच्या शेतात शिरल्याचा आरोप पत्करून म्हणतो, की पहिले उत्तर अपुरे आहे आणि दुसरे उत्तरच नाही. दगड खाली का पडतो, तर खाली जाणे हा त्याचा स्वभावच आहे, असे एके काळी मोठमोठे विद्वान सांगत. गॅलिलिओने स्वभावाची चर्चा बाजूला ठेवली आणि पडायला लागणारा वेळ मोजला. ‘उपजत’ या शब्दाचेही तसेच करायला हवे. ते करता येते, इतकेच नव्हे तर करून झालेले आहे.

त्यासाठी सुरुवात आपल्याच बांधावरून करू. मृगाच्या आसपास धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या उतारांवरील बोरी-बाभळींत एक काळा-पांढरा, शेंडीवाला पक्षी दाखल होतो. हा चातक. (रात्रंदिवस ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडणारा तो पावशा, तो निराळा. या दोघांची गल्लत शिकलेली माणसेही करतात.) चातक केवळ पावसाचे थेंब पिऊन राहतो, ही कविकल्पना. त्याला हवे असतात ते पावसाबरोबर निपजणारे केसाळ सुरवंट. तो येतो आफ्रिकेकडून, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या साथीने, आणि पावसाळा सरला की परततो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० साली चातकांच्या पाठीवर इवलेसे प्रेषक बसवून उपग्रहामार्फत त्यांचा माग काढण्यास सुरुवात केली. आता पाहा, हा पक्षी ऐन पावसाळ्यात येतो आणि आपल्याकडे थंडी पडण्याच्या आतच निघून जातो. त्याला थंडीचे उत्तर कसे लागू करणार?

खरी गंमत पुढेच आहे. चातक कोकिळेच्या कुळातला. तो घरटे बांधत नाही. मादी आपले निळे अंडे सातभाईच्या निळ्या अंड्यांत घालून मोकळी होते. कोकिळेचे काही युरोपीय नातलग सावत्र भावंडांना घरट्याबाहेर ढकलून देतात. चातकाचे पिल्लू तसे करीत नाही. ते सातभाईच्या पिल्लांबरोबरच वाढते. तेच घरटे, तोच चारा, तेच पाऊसपाणी, आणि भरवणारी चोचही तीच. सातभाई आयुष्यभर आपला ओढा आणि आपले कुंपण सोडत नाही. चातकाचे पिल्लू मात्र काही आठवड्यांनी समुद्रापारच्या वाटेला लागते.

प्रयोगशाळेत आपण काय करतो? एक घटक बदलतो, बाकीचे स्थिर ठेवतो. इथे बाकीचे सारे स्थिर आहे. बदलले आहे ते अंड्यातून आलेले आनुवंशिक द्रव्य. इतका नेटका प्रयोग आपल्या शेताच्या बांधावर दरवर्षी होतो, आणि आपण मुलांना सायबेरियाच्या बदकांची चित्रे दाखवतो!

हुशार विद्यार्थी येथे शंका काढील, “सर, ते पिल्लू दुसऱ्या चातकांच्या मागोमाग गेले नसेल कशावरून?” शंका रास्त आहे. तिचे निरसन करायला पक्षी एकटा, पिंजऱ्यात वाढवायला हवा. जर्मनीत राडोल्फत्सेल येथे पेटर बेर्टहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. त्यांचा पक्षी ब्लॅककॅप, म्हणजे काळ्या टोपीचा एक वटवट्या. स्थलांतराचे दिवस आले की पिंजऱ्यातला पक्षीही रात्री तगमग करतो, दांडीवरून दांडीवर उड्या मारतो. उड्यांची नोंद यंत्राने होते. म्हणजे तगमग तासांत मोजता येते. दूर जाणारे जर्मन पक्षी खूप तगमग करीत, कॅनरी बेटांवरील पक्षी अगदी थोडी. दोघांचा संकर केला तेव्हा संततीची तगमग बरोबर मधली आली. हे १९८१ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनी आंद्रेआस हेल्बिग यांनी नैर्ऋत्येला जाणाऱ्या आणि आग्नेयेला जाणाऱ्या ब्लॅककॅपचा संकर केला. पिल्लांनी कोणती दिशा धरावी? दोहोंच्या मधली! आईबाप दोघांनीही कधी न धरलेली.

मला हा प्रयोग फार आवडतो. ‘उपजत’ या धूसर शब्दाच्या जागी आता एक कोन आहे आणि एक कालावधी आहे, आणि दोन्ही आईबापांकडून वारशाने मिळतात. अर्थात हे एका जनुकाचे काम नव्हे, अनेकांचे मिळून आहे. ससाण्यांमध्ये प्रवासाच्या लांबीशी संबंध दिसणारे एक जनुक २०२१ साली सापडले, पण ते म्हणजे ‘स्थलांतराचे जनुक’ असे म्हणणे घाईचे होईल.

आणि वारसा म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही मोजूनच कळले. पर्डेक या डच शास्त्रज्ञाने हॉलंडमध्ये अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग पकडून विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. (आपल्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांची ही चुलत भावंडे.) त्याचे निष्कर्ष १९५८ साली आले. पहिल्यांदाच निघालेली पिल्ले ठरल्या दिशेनेच उडत राहिली आणि भलतीकडे, स्पेनकडे पोहोचली. अनुभवी पक्ष्यांनी मात्र दिशा बदलली आणि नेहमीचा मुलूख गाठला. करकोचे व हंस यांची पिल्ले तर पहिला प्रवास आईबापांबरोबरच करतात. वारसा किती आणि शिकणे किती, याचे प्रमाण जातीगणिक वेगळे.

वारशाने मिळणाऱ्या गुणात थोडाफार फरक असला की नैसर्गिक निवडीला काम मिळते. ज्याचा कोन चुकला तो समुद्रात गेला. त्याची पिल्ले पुढल्या वर्षी नसतात. ही निवड किती वेगवान असू शकते? दक्षिण फ्रान्समधील काही ब्लॅककॅप जातात, काही राहतात. बेर्टहोल्ड यांनी जाणाऱ्यांच्याच जोड्या लावत नेल्या, तेव्हा तीन पिढ्यांत सगळे पक्षी जाणारे झाले. उलट बाजूने, आणखी थोड्या पिढ्यांत, जवळजवळ सगळे राहणारे झाले. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षे, असे आपण शिकवतो. इथे ती एका माणसाच्या नोकरीच्या काळात घडली. चातकाचेही तसेच दोन भाग आहेत: आपल्याकडे पावसाबरोबर येणारे, आणि दक्षिण भारत-श्रीलंकेत बारमाही राहणारे.

हे सारे आपल्या जिल्ह्याने मनावर घ्यावे असे मला वाटते, आणि त्यात थोडी काळजीही आहे. प्रवासी पक्ष्याच्या अंगातले वेळापत्रक वारशाचे असते, पण पाऊस त्या वेळापत्रकाला बांधलेला नाही. आपल्यासारख्या दुष्काळी मुलखात मृग कोरडे जाते, सुरवंट उशिरा निपजतात. त्यात बांध रुंद आहेत म्हणून बोरी-बाभळीची कुंपणे काढली जातात. सातभाईचे घरटे गेले की चातकाचेही गेले. निवडीला जुळवून घ्यायला पिढ्या लागतात, आणि त्या पिढ्या वाढायला काटेरी झुडूप लागते.

मोजमापाला फारसे काही लागत नाही. बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या पुढाकाराने २००७ साली पक्षी पहिल्यांदा दिसल्याच्या तारखा सामान्य माणसांकडून गोळा करण्याचे काम सुरू झाले, आणि चातकाच्या आगमनासाठी त्यात खास मोहीमही झाली. शाळेच्या भिंतीवर एक वही टांगून आपणही हे करू शकतो: पहिला चातक कोणत्या तारखेला, कोणत्या शिवारात दिसला, पहिला चांगला पाऊस कधी झाला, शेवटचा चातक कधी दिसला. एका वर्षाच्या नोंदीतून काही निघणार नाही. दहा वर्षांची वही मात्र मला वाचायला द्या. आणि श्रावण-भाद्रपदात कुंपणाकडे नीट पाहा. सातभाईंच्या कलकलाटात एखादे पिल्लू लांब शेपटीचे, आखूड तुऱ्याचे, पंखावर पांढरा ठिपका असलेले दिसले, तर त्याचीही तारीख लिहून ठेवा.