ओळंबा कोण धरणार?

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून मराठवाडा झोपी गेला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांच्या सीमेवरील गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांखाली गाडली गेली. किल्लारीचे नाव जगभर गेले; पण धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावांनीही तोच आकांत अनुभवला. सुमारे आठ हजार जीव गेले. दरवर्षी त्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. मात्र त्या पहाटेने आपल्या तंत्रशिक्षणाला विचारलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

भूकंप माणसे मारत नाही, घरे मारतात. येथील घरांच्या भिंती चांगल्या दोन-तीन फूट रुंद होत्या. परंतु त्या एकसंध नव्हत्या. आत एक थर, बाहेर एक थर आणि मध्ये दगडगोटे व माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगडच त्यांत नव्हता. वर माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर वर्षानुवर्षे माती चढत गेलेली. धक्का बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि दगड झोपलेल्यांच्या अंगावर कोसळले. अनेक ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला, भिंती मात्र राहिल्या नाहीत.

आरपार दगडाचे हे ज्ञान काही गूढ नव्हे. दगडी भिंतीची रुंदी ४५ सेंटिमीटरच्या आत असावी. उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत फार तर १२० सेंटिमीटर अंतरावर आरपार दगड असावा, असे भारतीय मानक १३८२८ सांगते. हे मानक १९९३ चेच. एवढे साधे ज्ञान गावातील गवंड्यापर्यंत का पोहोचत नाही?

कारण आपण हात आणि बुद्धी यांची फारकत केली. ज्याच्या हाती थापी आणि ओळंबा, त्याला 'का' हे कुणी सांगितले नाही. ज्याला 'का' ठाऊक, त्याने दगडाला हात लावला नाही. अभियांत्रिकीचा सारा भर सिमेंट-काँक्रीटवर. खेड्यातील दगडमातीच्या घराला अभ्यासक्रमात जागाच तोकडी. भूकंपानंतर कमी नुकसान झालेली घरे मजबूत करण्याची योजना आली. भिंतीला आरपार भोक पाडून सळई व काँक्रीट भरले, की दोन थर जोडले जातात. उपाय स्वस्त होता, पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. अनेकांनी जुने घर तसेच ठेवून शेजारी विटा-सिमेंटची नवी खोली बांधली.

सिमेंट आले म्हणजे सुरक्षितता आली, हा तर मोठाच भ्रम! २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. खांबातील रिंगांची टोके आत वळवली आहेत की नाहीत, काँक्रीटमध्ये पाणी किती घातले, नंतर किती दिवस पाणी मारले, या 'किरकोळ' गोष्टींवर घरातील माणसांचे प्राण अवलंबून असतात. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या किती अभियंत्यांनी एकदा तरी रिंग स्वतः वाकवली असेल?

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर १६१३ साली बांधलेला दगडी बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल आजही उभा आहे. तेरच्या उत्खननात पाण्यावर तरंगणाऱ्या विटा मिळाल्या. या वारशाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण ज्या जिल्ह्यात हा वारसा आहे, त्याच जिल्ह्यात भिंतीला आरपार दगड घालायचे राहून गेले, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंपरा नुसत्या गौरवाने टिकत नाही. ती हातातून हातात द्यावी लागते.

तशी उदाहरणे आहेतही. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळकरी मुलांनी आठवड्यातील एक दिवस गावाच्या उपयोगाचे काम करावे आणि त्यातून विज्ञान शिकावे, ही त्यांची पद्धत. भूकंपानंतर लोहारा तालुक्यातील हराळीत ज्ञान प्रबोधिनीने शाळेबरोबरच शेतीचे तंत्रशिक्षण उभे केले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून हस्तकौशल्यांना स्थान दिले आहे. प्रश्न कागदाचा नाही, अंमलबजावणीचा आहे.

स्थापत्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रमाणपत्रापूर्वी गवंड्याच्या हाताखाली एक भिंत बांधावी. अनुभवी गवंड्याला मानधन देऊन महाविद्यालयात शिकवायला बोलवावे. आणि अभियंत्याने गावात जाऊन गवंड्याला आरपार दगडाचे कारण समजावून सांगावे. या गोष्टींना अब्जावधींचा निधी लागत नाही. लागतो तो श्रमाविषयीचा आदर, आणि त्याची सुरुवात घरातून होते. मुलाच्या गुणपत्रिकेकडे कौतुकाने पाहणाऱ्या आईवडिलांनी त्याच्या हातांकडेही एकदा पाहावे. बुद्धिमान पण हात न मळलेली पिढी उद्याची घरे बांधणार असेल, तर १९९३ ची ती पहाट संपली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?